हायब्रिड गाडी घरी आल्यानंतर : वाचकांचे प्रश्न

हायब्रिड गाडी घ्यावी की नाही, असे विचारणाऱ्या पत्रांपेक्षा घेतलेल्या गाडीविषयीच्या शंकांची पत्रे या वेळी अधिक आली. ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांना आम्ही अग्रक्रम दिला आहे, कारण त्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाहीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमच्या गाडीच्या मागे ‘हायब्रिड’ असे ठळक लिहिले आहे, परंतु ती इंजिन बंद ठेवून चालल्याचे एकदाही आठवत नाही. शेजाऱ्यांची गाडी मात्र फाटकातून अजिबात आवाज न करता बाहेर पडते. आमची फसवणूक झाली आहे का?

उत्तर : फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, पण त्या एका पाटीखाली निरनिराळ्या क्षमतेच्या यंत्रणा विकल्या जातात आणि ग्राहकाला तो फरक क्वचितच समजावून सांगितला जातो. आपल्या वर्णनावरून आपली गाडी ‘माइल्ड हायब्रिड’ दिसते. तिच्यात स्टार्टर आणि जनरेटर ही दोन्ही कामे करणारे एक यंत्र बहुधा पट्ट्याने इंजिनाला जोडलेले असते आणि त्याची विद्युतप्रणाली १२ किंवा ४८ व्होल्टची असते. सिग्नलला इंजिन बंद करणे, ते धक्का न देता पुन्हा सुरू करणे आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावणे एवढीच कामे ते करते. अशा बहुतेक गाड्यांत चाके एकट्याने फिरवण्याची ताकद त्याच्यात नसते.

शेजाऱ्यांची गाडी ‘फुल हायब्रिड’ असावी. तिची बॅटरी आणि मोटर दोन्ही मोठ्या असतात, त्यामुळे कमी वेगात ती केवळ विजेवर काही अंतर जाऊ शकते. त्यापुढची पायरी म्हणजे बाहेरून चार्जिंग करता येणारी ‘प्लग-इन हायब्रिड’. इंजिन आणि वीज यांची सांगड घालण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे, कारण फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच अशी गाडी बांधून दाखवली होती. मात्र मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली हायब्रिड म्हणजे डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेली टोयोटा प्रियस. पुढील उत्तरांत वेगळे सांगितले नसेल तेथे फुल हायब्रिड गृहीत धरावी.

प्रश्न : डॅशबोर्डवरचा हिरवा ‘ईव्ही’ दिवा (गाडी केवळ विजेवर चालत असल्याची खूण) जास्तीत जास्त वेळ पेटता राहावा म्हणून मी ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, तरीही मी चिकाटी सोडत नाही. एवढे करूनही माझ्या पत्नीच्या हातात गाडी असते तेव्हा मायलेज माझ्यापेक्षा चांगले येते. असे का?

उत्तर : कारण आपण दिवा चालवत आहात आणि त्या गाडी चालवत आहेत. हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण हायब्रिडविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिड गाडीत ऊर्जा येण्याची वाट एकच असते आणि ती म्हणजे पेट्रोलची टाकी. बॅटरीतली वीज एक तर इंजिनाने जनरेटर फिरवून तयार केलेली असते, नाही तर ब्रेक लावताना परत मिळवलेली असते. आणि ब्रेक लावताना परत मिळालेली ऊर्जासुद्धा गाडीला वेग देण्यासाठी आधी जाळलेल्या पेट्रोलचाच उरलेला अंश असते. इंजिनाने तयार केलेली शक्ती थेट चाकांकडे गेली तर वाटेत फारसे नुकसान होत नाही. तीच शक्ती जनरेटरमधून विजेत, विजेतून बॅटरीच्या रसायनात, तेथून पुन्हा विजेत आणि शेवटी मोटरमधून चाकांपर्यंत आणली, तर प्रत्येक टप्प्यावर काही ना काही गळते. एका टप्प्याला शेकडा ८ भाग गळती धरली तरी चार टप्प्यांनंतर शंभरातले सुमारे ७२ भागच हाती उरतात.

मग हायब्रिड इंधन वाचवते ते कसे? पेट्रोल इंजिनाला मध्यम ते जड भार सोयीचा असतो आणि अगदी हलका भार त्याला परवडत नाही. रेंगाळत चालताना किंवा जागच्या जागी धडधडताना ते जाळलेल्या इंधनाच्या मानाने फारच थोडे काम देते. गाडीचा संगणक अशा वेळी इंजिन बंद ठेवतो, तेवढ्यापुरते काम बॅटरीवर भागवतो आणि पुढे इंजिनावर बऱ्यापैकी भार येतो तेव्हा थोडी जास्तीची शक्ती बाजूला काढून बॅटरी भरून घेतो. बॅटरीकडे दुकानातल्या सुट्या पैशांच्या गल्ल्यासारखे पाहावे. दिवसभर पैसे येतात आणि जातात, मालकाने मात्र गल्ला भरलेला आहे की रिकामा यावरून दिवसाची कमाई ठरवायची नसते.

आपण दिवा टिकवण्यासाठी वेग घेण्याचा काळ विनाकारण लांबवता, बॅटरी खाली आणता, आणि मग ती भरून काढण्यासाठी इंजिनाला नको त्या वेळी सुरू व्हावे लागते. त्यापेक्षा सिग्नल सुटल्यावर रहदारीच्या गतीने, मध्यम दाबाने, इंजिन सुरू झाले तरी बिचकून न जाता हवा तो वेग गाठावा. वेग आला की पाय क्षणभर उचलून पुन्हा हलका टेकवावा. त्या क्षणी इंजिन बहुधा थांबते आणि सपाट रस्त्यावर गाडी विजेवर सरकत राहते. पुढे लाल दिवा दिसला की लांबूनच पाय काढावा. आपल्या पत्नी बहुधा हेच करत असाव्यात, आणि दिव्याकडे न पाहता करत असल्यामुळे ते त्यांना अधिक चांगले साधते.

प्रश्न : शहरात उत्तम मायलेज देणारी गाडी महामार्गावर निराशा करते. बिघाड तर नाही?

उत्तर : नाही. हायब्रिडची मोठी बचत होते ती थांबण्यात आणि पुन्हा निघण्यात. १,४०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटरवर असते तेव्हा तिच्यात सुमारे १३५ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. शेकडा २५ कार्यक्षमतेच्या साध्या पेट्रोल इंजिनाला तेवढी गती देण्यासाठी साधारण १६ मिलिलिटर पेट्रोल खर्च करावे लागते, आणि साध्या गाडीत प्रत्येक थांब्याला ही सारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. हायब्रिड त्यातला बराचसा भाग परत मिळवते, आणि शहरातल्या एका फेरीत असे थांबे कितीतरी येतात. महामार्गावर थांबेच नसतील तर परत मिळवण्यासारखे काही उरत नाही.

शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० किलोमीटरवर गेल्यास तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्याच्यापुढे कोणत्याही बॅटरीची मात्रा चालत नाही. तरीही महामार्गावर हायब्रिड अगदीच साध्या गाडीच्या पंक्तीला बसत नाही, याचे श्रेय इंजिनाला द्यायला हवे. बहुतेक हायब्रिड गाड्यांत ‘ॲटकिन्सन’ पद्धतीचे इंजिन असते. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे आधुनिक रूप आहे. त्यात हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते, त्यामुळे दाबल्या जाणाऱ्या वायूच्या मानाने प्रसरणाला अधिक वाव मिळतो आणि इंधनातून जास्त काम काढून घेता येते. अशा इंजिनाला सुरुवातीचा जोर कमी असतो, पण ती उणीव विद्युतमोटर भरून काढते.

मायलेज खरोखर बिघडवणारी गोष्ट वेगळीच आहे आणि तिचा उल्लेख पत्रात नाही, तरी तो येथे करतो : अगदी छोट्या फेऱ्या. थंड इंजिन सुरू झाल्यावर त्याला स्वतःला गरम व्हायचे असते आणि धुरातले विषारी घटक नष्ट करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापवायचा असतो. त्यामुळे बॅटरी भरलेली असली तरी सुरुवातीची काही मिनिटे इंजिन चालूच राहते. कडाक्याच्या थंडीत आतला हीटर लावला असेल तर त्याला उष्णता पुरवण्यासाठीही इंजिन चालू राहू शकते. दोन किलोमीटरवर जाऊन गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची आणि मग परत यायचे, असा ज्यांचा नित्यक्रम आहे त्यांना हायब्रिडचा लाभ सर्वात कमी मिळतो. दोन-तीन कामे एकाच फेरीत उरकणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

प्रश्न : लांब उतारावर काही वेळाने इंजिन एकाएकी मोठा आवाज करू लागते. मी ॲक्सिलरेटरवर पायही ठेवलेला नसतो. गिअर लिव्हरवर ‘बी’ अक्षर आहे. ते ब्रेकने वीज साठवण्यासाठी असते असे ऐकल्यामुळे मी ते नेहमीच वापरते. यात काही चुकते का?

उत्तर : पहिल्या गोष्टीत काहीही बिघडलेले नाही, दुसरी सवय मात्र बदलावी.

फुल हायब्रिडची बॅटरी आपल्याला वाटते त्यापेक्षा खूपच लहान असते. प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत तिची क्षमता सुमारे १.३ किलोवॉट-तास होती, आणि आयुष्य वाढावे म्हणून संगणक त्यातला मधला, म्हणजे ढोबळमानाने शेकडा ४० ते ८० हा पट्टाच वापरतो. वापरात येणारी जागा म्हणजे अर्धा किलोवॉट-तास धरू. आता १,४०० किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली उतरली, तर १.१ किलोवॉट-तासापेक्षा थोडी अधिक ऊर्जा मोकळी होते. हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि रूपांतरातली गळती वजा केली तरी ती मोकळी जागा भरण्यास ही एक उतरण पुरेशी ठरते. त्यापुढची उतरण साठवायला जागाच नसते.

अशा वेळी अनेक हायब्रिड गाड्यांत जनरेटर बॅटरीतल्या विजेवर इंजिनाला फिरवू लागतो. इंधन जळत नाही. इंजिन नुसती हवा आत घेऊन बाहेर टाकते आणि त्या श्रमात जास्तीची ऊर्जा खर्च होते. आपल्याला ऐकू येणारा आवाज तो हाच. त्यामुळे ब्रेकच्या चकत्या तापून निकामी होण्याचा धोका टळतो, म्हणून त्या आवाजाला घाबरू नये.

टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये ‘बी’ निवडले की बॅटरी भरण्याची वाट न पाहता इंजिनाचा हाच अवरोध वापरला जातो. म्हणजे शहरात नेहमी ‘बी’वर चालवल्यास साठवता आली असती अशी ऊर्जाही इंजिनात वाया जाते. तेथे ‘डी’वर (पुढे जाण्याच्या नेहमीच्या स्थितीत) राहून ब्रेकचे पेडल अलगद आणि लवकर दाबणे हाच अधिक वीज परत मिळवण्याचा मार्ग आहे, पेडलच्या पहिल्या हलक्या दाबाला बहुतांशी मोटरच गाडीला रोखते आणि दाब जोराचा झाला की घर्षणाचे ब्रेक पुढे येतात. ‘बी’ लांब, तीव्र उतारांसाठी राखून ठेवावे. काही अन्य उत्पादकांच्या गाड्यांत याच अक्षराने वीज परत मिळवण्याचे प्रमाण खरोखर वाढते, त्यामुळे आपल्या गाडीची पुस्तिका या एका मुद्द्यासाठी तरी उघडून पाहावी.

प्रश्न : रहदारी तुंबली की मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. जुनी सवय आहे. चालेल का?

उत्तर : सोडून द्यावी. अनेक हायब्रिड गाड्यांत न्यूट्रलमध्ये असताना जनरेटरचे नियंत्रण बंद होते, म्हणून इंजिन चालू असले तरी मुख्य बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी मात्र त्याच बॅटरीवर चालत राहतो. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून थांबावे, थांबा लांबणार असेल तर ‘पी’मध्ये (पार्किंगमध्ये) टाकावे.

प्रश्न : चढावर ओव्हरटेक करताना इंजिन जोरात ओरडते आणि वेग मात्र सावकाश वाढतो. क्लच घसरतो आहे असे वाटते.

उत्तर : ज्या गाड्यांत टोयोटाने रूढ केलेली ग्रहगिअरची रचना आहे, त्यांच्यात घसरण्यासारखा क्लचच नसतो, आणि नेहमीच्या सीव्हीटी (पायऱ्यांशिवाय गिअर बदलणाऱ्या) गाडीतला पट्टाही नसतो. मध्ये एक छोटे दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके आणि सर्वांत बाहेर एक कडे, एवढाच मुख्य पसारा असतो. इंजिन ग्रहचाकांच्या चौकटीला, एक जनरेटर मधल्या चाकाला आणि गाडीची चाके बाहेरच्या कड्याला जोडलेली असतात. प्रियसच्या आरंभीच्या पिढ्यांत मधल्या चाकाला ३० आणि कड्याला ७८ दाते होते. त्यामुळे इंजिनाच्या पिळापैकी (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) शेकडा ७२ भाग चाकांकडे आणि उरलेला २८ भाग जनरेटरकडे जाई. जनरेटर कमी-अधिक वेगाने फिरवून संगणक इंजिनाचा वेग चाकांच्या वेगापासून मोकळा ठेवतो. आपण पूर्ण शक्ती मागितली की इंजिन थेट जास्तीत जास्त शक्तीच्या वेगावर जाऊन तेथेच थांबते, आणि गाडी मागाहून वेग घेते. कान गिअर बदलण्याची वाट पाहत असतात, आणि तो क्षण येतच नाही. होंडाच्या अलीकडच्या हायब्रिडमध्ये रचना निराळी आहे. तेथे इंजिन बहुतेक वेळ वीज तयार करते आणि महामार्गाच्या वेगाला एका क्लचने थेट चाकांशी जोडले जाते. तरी आवाज आणि वेग यांची फारकत तिथेही जाणवते.

ओव्हरटेक करण्यापूर्वी बॅटरीचा निर्देशक तळाला आहे का, ते मात्र पाहावे. लांब चढ चढल्यानंतर बॅटरी खाली आलेली असते आणि तेव्हा मोटरकडून मिळणारी मदत कमी पडते.

प्रश्न : महिनाभर गाडी उभी होती. परत आलो तर दारसुद्धा किल्लीच्या बटणाने उघडेना. एवढी मोठी बॅटरी असताना असे कसे होते?

उत्तर : कारण गाडीत दोन बॅटऱ्या असतात आणि आपल्याला दगा देणारी आहे ती धाकटी. दारांची कुलपे, दिवे, संगणक आणि मोठ्या बॅटरीची जोडणी करणारे रिले (विजेवर उघड-बंद होणारे स्विच) हे सर्व साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. गाडी बंद असताना सुरक्षेसाठी मोठी बॅटरी या रिलेंमुळे पूर्णपणे तोडलेली असते. छोटी उतरली की रिले ओढले जात नाहीत, आणि मोठी भरलेली असूनही तिचा उपयोग होत नाही. अलार्म आणि किल्लीचा शोध घेणारी यंत्रणा बंद गाडीतही थोडी थोडी वीज घेतच असते.

या छोट्या बॅटरीला इंजिन फिरवण्याचे जड काम नसते. ते मोठी बॅटरी आणि जनरेटर करतात. त्यामुळे साध्या गाडीत सकाळी घरघर करून जसा इशारा मिळतो, तसा येथे मिळत नाही आणि बॅटरी थकल्याचे एकदम कळते. शंका आल्यास गॅरेजमध्ये तिची चाचणी करून घ्यावी. बदलताना उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचीच घ्यावी, कारण ती डिकीत किंवा प्रवासी कक्षात बसवलेली असेल तर वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची सोय तिला असावी लागते.

गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल, तर कोणाला तरी आठवड्यातून एकदा ती ‘रेडी’ अवस्थेत (म्हणजे चालवण्यास सज्ज) तासभर, मोकळ्या जागेत, स्वतः जवळ थांबून चालू ठेवायला सांगावे. नुसती ‘ॲक्सेसरी’ अवस्था ठेवल्यास बॅटरी भरण्याऐवजी आणखी उतरते. जंपर लावून सुरू करायची झाल्यास पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच तारा जोडाव्यात. हायब्रिडवरून दुसऱ्या गाडीला जंप देण्याचे औदार्य मात्र पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय दाखवू नये. आणि धक्का मारून हायब्रिड सुरू होत नाही, हे मदतीला धावलेल्या मंडळींना आधीच सांगून टाकावे.

प्रश्न : मोठी बॅटरी किती वर्षे टिकते? आम्ही आठ-नऊ वर्षांची जुनी हायब्रिड घेण्याच्या विचारात आहोत आणि प्रत्येक जण बॅटरीचीच भीती घालतो.

उत्तर : भीती अनाठायी नाही, पण ती बहुधा चुकीच्या जागी घातली जाते. अनेक देशांत उत्पादक मोठ्या बॅटरीला ८ वर्षांची किंवा त्याहून अधिक हमी देतात, आणि हमी संपली म्हणजे बॅटरी संपली असे नसते. वर सांगितल्याप्रमाणे ती कधी काठोकाठ भरली जात नाही आणि तळापर्यंत रिकामीही होत नाही. तिच्या दीर्घायुष्याचे हे मुख्य कारण आहे. तिचा खरा शत्रू उष्णता हा आहे.

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनाच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. तिच्यातून पंखा गाडीतली गार हवा ओढून बॅटरीवर सोडतो. त्या जाळीवर पिशवी टेकवलेली असते, चादर लोंबत असते किंवा पाळीव कुत्र्याचे केस आणि धूळ यांचा थर चढलेला असतो. बॅटरी तापते, पंखा अधिक जोराने फिरतो, अधिक धूळ ओढतो, आणि मालकाला मागून येणारी घूंघूं म्हणजे एसीचा आवाज वाटतो. काही गाड्यांत या जाळीमागे काढून स्वच्छ करता येणारी गाळणी असते. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याच्या आधी ही जाळी पाहावी. आधीच्या मालकाने गाडीची निगा कशी राखली, हे तिथे बरेचसे कळते.

त्यानंतर गाडी चालवून पाहावी, आणि तीही चांगला अर्धा तास, चढ-उतार व थांबे असलेल्या रस्त्यावर. बॅटरीचा निर्देशक सावकाश वर-खाली होत असेल तर ठीक. काही मिनिटांत भरलेल्यावरून तळाला आणि तळावरून पुन्हा काठाला अशा उड्या तो मारत असेल, इंजिन सारखे सुरू-बंद होत असेल आणि मागचा पंखा लवकरच जोरात फिरू लागत असेल, तर साठवणक्षमता घटली आहे असे समजावे. हायब्रिडची माहिती असलेल्या गॅरेजमध्ये निदानयंत्र लावून बॅटरीच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज वेगवेगळा वाचता येतो. उदाहरणार्थ, प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या बॅटरीत ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल (बॅटरीचे छोटे सुटे भाग) एकापाठोपाठ जोडलेली होती आणि संगणक त्यांच्या १४ जोड्यांवर नजर ठेवी. भाराखाली एखादी जोडी इतरांपेक्षा बरीच मागे पडत असेल, तर पुढचा खर्च मनाशी धरूनच सौदा करावा.

फक्त खराब मॉड्यूल बदलून स्वस्तात काम करून देणारे भेटतात. ते शक्य असते, परंतु २७ म्हाताऱ्या मॉड्यूलमध्ये एक ताजे घातले की त्यांचा ताळमेळ जमत नाही आणि थोड्याच काळात त्यांच्यातले दुसरे कुरकुरू लागते. गाडी लवकरच विकायची असेल तर विक्रेत्याला ही दुरुस्ती परवडते. विकत घेणाऱ्याला ती परवडत नाही.

प्रश्न : हायब्रिडला सर्व्हिसिंग कमी लागते असे सांगितले गेले होते. इंजिन निम्मा वेळ बंद असते, तर ऑइल दुप्पट अंतराने बदलले तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. वारंवार बंद पडून थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहते, म्हणून अंतर आणि मुदत यांपैकी जे आधी पुरे होईल त्याप्रमाणे ऑइल बदलावे. पातळपणाही पुस्तिकेत सांगितलेलाच ठेवावा. या इंजिनांना बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे पातळ ऑइल लागते.

ब्रेकचे पॅड मात्र खरोखर अधिक टिकतात, पण त्याची दुसरी बाजू अशी की फार न वापरल्यामुळे डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. पॅड जाड दिसले म्हणून मेकॅनिकने चाक तसेच पुन्हा बसवू नये. पिना काढून, पुसून, ग्रीस लावण्यास सांगावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते ठरल्या मुदतीला बदलावेच लागते. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारे यंत्र) थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी अनेक गाड्यांत इंजिनाच्या टाकीपासून वेगळी असते आणि ती विसरली जाते. टायर बदलताना कमी घर्षणाचे टायर न घेता नेहमीचे घेतले, तर मायलेज घटते आणि दोष उगाच बॅटरीच्या माथी मारला जातो. बॉनेटखालच्या नारिंगी तारांना मात्र प्रशिक्षित मेकॅनिकशिवाय कोणी हात लावू नये. त्यांतून जीवघेण्या व्होल्टेजची वीज वाहते.

प्रश्न : गाडी चालू आहे की बंद, हेच कित्येकदा कळत नाही. आईंनी परवा ती तशीच चालू ठेवून दार लावून घेतले.

उत्तर : ही बाब गमतीवारी नेऊ नये. ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर गाडी चालू आहे, मग इंजिन गप्प का असेना. अशा गाडीत बॅटरी खाली आली की इंजिन आपोआप सुरू होते. गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये असेल आणि गॅरेज घराला लागून असेल, तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू घरात शिरून जीव जाऊ शकतो. दाबायच्या बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत ही चूक सहज होते, कारण किल्ली खिशातच असते. उतरण्यापूर्वी ‘पी’, बटण, आणि मग विझलेल्या ‘रेडी’ दिव्याकडे एक नजर, असा क्रम घरातल्या सर्वांनी अंगवळणी पाडावा.

शांततेचा दुसरा धोका रस्त्यावरच्या लोकांना, विशेषतः अंध व्यक्तींना आहे. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३८ मध्ये ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला कृत्रिम आवाजाची तरतूद आहे, आणि युरोपीय संघात जुलै २०२१ पासून सर्व नव्या विद्युत व हायब्रिड गाड्यांना तो आवाज बंधनकारक आहे. जुन्या गाडीत अशी सोय नसेल तर पार्किंगमध्ये मागे घेताना समोरच्याला आपण आल्याचे कळले आहे असे गृहीत धरू नये.

प्रश्न : प्लग-इन हायब्रिड घ्यावी का? इमारतीत चार्जिंगची सोय नाही, पण पुढे होईल असे म्हणतात.

उत्तर : सोय होईल तेव्हा घ्यावी. रोज चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे जड बॅटरी वाहून नेणारी साधी हायब्रिड होय. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष इंधनवापराच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन अधिकृत चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. गाड्या अपेक्षेपेक्षा कमी वेळा चार्ज केल्या जातात आणि विजेवर कमी चालतात, हे त्याचे प्रमुख कारण होते. याउलट, रात्री घरी प्लग लावता येत असेल आणि रोजचे जाणे-येणे विजेच्या पल्ल्यात बसत असेल, तर आठवडेच्या आठवडे पेट्रोल लागत नाही. मग प्रश्न उलटा होतो : टाकीतले पेट्रोल शिळे होऊ लागते. म्हणून काही प्लग-इन गाड्या अधूनमधून स्वतःहून इंजिन चालवतात. तसे झाले तर तो बिघाड समजू नये, आणि टाकी सदैव काठोकाठ भरून ठेवू नये.

प्रश्न : बंद पडलेली हायब्रिड दोरी लावून ओढून नेता येते का?

उत्तर : येत नाही असेच समजावे. मोटर चाकांना कायम जोडलेली असल्यामुळे चाके फिरली की वीज तयार होते, आणि त्यातून यंत्रणेला इजा होऊ शकते. पुढची चाके चालवणारी गाडी असेल तर निदान पुढची चाके उचलून न्यावी. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीला सपाट पाठीचा ट्रकच बोलवावा, आणि फोन करतानाच गाडी हायब्रिड असल्याचे सांगावे, म्हणजे हुक आणि दोरी घेऊन येणारा माणूस रिकाम्या हाताने परत जाणार नाही.